इंधनाच्या रकान्यात काय लिहू, साहेब?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
कर्नाटक राज्य

स.न.वि.वि.

डिसेंबरात अधिवेशनासाठी सरकार बेळगावला येतं. हलग्याचं सुवर्ण विधानसौध, म्हणजे इथली विधिमंडळाची इमारत, तेवढे दिवस गजबजतं, हायवेवर बंदोबस्त लागतो आणि आम्ही भाजीवाले नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघतो. तक्रार त्याची नाही. आपण इकडे येणार, म्हणून हे पत्र आधीच लिहून ठेवतो. मराठीत लिहितोय, कारण यंत्राबद्दल नेमकं सांगायचं तर मला याच भाषेत जमतं. कन्नड प्रत भाच्याकडून करून घेतली आहे, ती टपालाने येईल.

माझी भाजीची पिकअप आहे. कडोली भागातला कोबी, ढबू मिरची, कोथिंबीर रात्री मार्केट यार्डात भरायची आणि जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून पहाटे गोव्यात उतरवायची. येताना गाडी रिकामी, पण डिझेल रिकाम्या गाडीलाही लागतंच. २०२४च्या जूनमध्ये राज्याने डिझेलवरचा विक्रीकर वाढवला, २०२५च्या एप्रिलमध्ये पुन्हा वाढवून २१.१७ टक्के केला. कोबीचा भाव काही त्या हिशेबाने वाढत नाही.

म्हणून मी गाडी तळणाच्या जुन्या तेलावर चालवून पाहिली. हसू नका. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. लांब कशाला, आपल्याच बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या, म्हणजे तुमच्या होंगेच्या तेलावर खेड्यातले जनरेटर चालवून दाखवले. २००९मध्ये कर्नाटकाने स्वतःचं जैवइंधन धोरणही केलं. तेव्हा मी काही नवं खूळ काढलेलं नाही.

गाडी जुनी आहे, मेकॅनिकल पंपाची. कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंधन सोडणारी नवी गाडी, असती तर हात लावला नसता. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मिस्त्रीने केबिनमागे दुसरी टाकी बसवली. रेडिएटरचं गरम पाणी तांब्याच्या नळीतून त्या टाकीत फिरवलं आणि मध्ये एक कॉक टाकला, डिझेल की तेल हे ठरवायला. सगळी मेख गरम करण्यात आहे. थंड खाद्यतेल डिझेलच्या दहापट घट्ट असतं. तसंच पंपात सोडलं तर इंजेक्टरमधून फवारा न उडता धार पडते, तेल नीट जळत नाही आणि पिस्टनच्या रिंगांवर काजळी धरते. म्हणून गाडी सुरू करायची डिझेलवर, पाणी तापलं की तेलावर घ्यायची आणि बंद करण्याआधी पाच-सात मिनिटं परत डिझेलवर, म्हणजे नळीत तेल उरत नाही. हे एकदा गोव्यातल्या साखळी गावात विसरलो. चहा प्यायला थांबलो आणि तेलावर असतानाच चावी फिरवली. गाडी चालू करायला मग दोन तास आणि चार माणसं लागली.

तेल मिळायचं खडेबाजाराकडच्या भजीच्या गाड्यांवरून, खानावळींतून, फरसाणवाल्यांकडून, पंधरा लिटरच्या डब्यांत. पंधरा दिवस पिंपात स्थिर ठेवायचं, खालचा गाळ सोडून वरचं कापडातून आणि मग बारीक फिल्टरमधून गाळायचं. पाणी राहिलंय का ते तव्यावर थेंब टाकून बघायचं. चरचर झाली की तेल परत तापवायचं. बायकोने तवा वेगळा काढून दिला, तोही दुसऱ्या आठवड्यात. घाटात मागच्या गाडीवाल्यांनी ‘मामा, गाडीत भजी तळालायसा काय?’ असं विचारलं, कारण धुराला खरंच तसा वास येतो.

थंडीत मात्र फजिती झाली. भजीवाले वापरतात ते बहुतेक पामतेल, आणि पामतेल थंडीत थिजतं. जानेवारीत कणकुंबीच्या धुक्यात पहाटे फिल्टर तुपासारखा भरला. त्यानंतर थंडीच्या दिवसांत मी फक्त शेंगतेल किंवा सूर्यफुलाचं तेल घ्यायचो. इंजिन ऑइलही निम्म्या अंतरातच बदलावं लागायचं, कारण न जळलेलं तेल खाली उतरून ते घट्ट करतं. फायदा सांगताना हेही सांगितलं पाहिजे.

धुराची तपासणी केली, पास झाली. पण त्याचा मी फार गवगवा करणार नाही. डिझेल गाडीचं ते यंत्र धुराची घनता मोजतं, धुरात आणखी काय आहे ते सांगत नाही.

मग फिटनेसची तारीख आली. एका परिवहन कार्यालयात तपासणाऱ्या साहेबांनी टाकीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी खरं ते सांगितलं. साहेब चिडले नाहीत, उलट त्यांना मजा वाटली, सगळा कॉक फिरवून पाहिला. मग संगणकाकडे वळून म्हणाले, इंधनाच्या रकान्यात काय लिहू? यादीत तळणाचं तेल नाही. टाकी काढून या. मी काढली. विम्याचंही तेच: कागदावर नसलेला बदल असेल तर अपघातानंतर दावा कुठल्या तोंडाने करायचा?

घरी येऊन मी मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम वाचून घेतलं. गाडीत बदल करू नये, असंच ते म्हणतं. पण सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या बरोबरीने ‘इतर कोणतंही इंधन’ वापरता यावं म्हणून किट बसवायलाही त्यात जागा आहे, ठरवून दिलेल्या अटींवर. अडचण अशी की या तेलासाठी अशा किटची मंजुरी कुठे मागायची, हे मला कुठल्याच खिडकीवर कुणी सांगू शकलं नाही. नियम केंद्राचे आहेत, हे उत्तर मला आधीच ठाऊक आहे. पण त्याच कलमात विशिष्ट कारणासाठी सूट द्यायचा अधिकार केंद्राला आहे, आणि राज्याने शिफारस केली तर त्या कागदाला वजन येतं. मी पाठवलेल्या अर्जाला येत नाही.

मला सरसकट परवानगी नको आहे. प्रत्येकाने घरच्या घरी असं करावं असंही मी म्हणणार नाही. प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या, म्हणजे बीएस-६ गाडीत कुणी हे तेल ओतलं तर तो कायमचा रडेल. मागणं एवढंच, की जुन्या मेकॅनिकल पंपाच्या दहा गाड्या घ्या. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच मच्छेला आहे. त्यांच्या देखरेखीखाली वर्षभर गाड्या चालवा, इंजिनं उघडून बघा, धूर नीट मोजा. निकाल वाईट लागला तर मी स्वतः माझी टाकी भंगारात घालीन.

त्याहून महत्त्वाचं काम तेल गोळा करण्याचं आहे. तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे पुन्हा पुन्हा तळून तेल बिघडलं की वाढणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तळायला वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तळायला दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी २०१९पासून नोंद ठेवायची आणि जुनं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं. पण भजीची गाडी ५० लिटर कधी वापरणार? तिचं काळं तेल एक तर आणखी छोट्या गाडीवाल्याला स्वस्तात जातं, म्हणजे पुन्हा आपल्याच पोटात, नाहीतर गटारात. गटारातून ते बळ्ळारी नाल्यात आणि नाला पावसाळ्यात शहापूर, वडगावच्या शेतात.

हेच तेल एका जागी जमलं तर त्याचं रीतसर बायोडिझेल करता येतं. शंभर लिटर तेलाला साधारण वीस लिटर मिथेनॉल, थोडा कॉस्टिक सोडा. खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, ते माझ्यासारख्याच्या शेडमध्ये नको. उद्यमबागेत जाणत्या माणसांच्या हाताखाली असा छोटा प्रकल्प उभा राहू शकतो. आणि रोज रात्री बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या, सकाळी रिकाम्या परतणाऱ्या आमच्या पिकअप आहेत. गोव्यातल्या हॉटेलांचं तेल येताना आणायला वेगळी गाडी लागणार नाही, फक्त कागद लागेल. तो कागद आपल्या खात्याने ठरवून द्यावा.

अधिवेशनाच्या दिवसांत वेळ मिळाला तर टाकी दाखवायला हलग्याला आणतो. गाडीवर बसवून आणली तर आपलेच अधिकारी पावती फाडतील, म्हणून कोबीच्या पोत्यांवर ठेवून आणीन.

आपला,
एक भाजी वाहतूकदार
कडोली परिसर, ता. बेळगाव