जेटी कुठल्या पातळीला बांधणार?

संपादक महोदय,

नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, नौकाविहार सुरू करायच्या गप्पा पुन्हा कानावर येत आहेत. बोटी किती, तिकीट किती, सेल्फी पॉइंट कुठं, सगळ्याची चर्चा आहे. जेटी कुठल्या पातळीला बांधणार, हे मात्र कुणी बोलत नाही.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. भल्या सकाळी पट्टीवरची पाणीपातळी वाचायची आणि वर कळवायची, हे काम बरीच वर्षं केलं. त्यामुळे धरण मला अजून फुटांतच दिसतं. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट. मृतसाठा, म्हणजे दारांतून बाहेर न निघणारं तळाचं पाणी, त्याखाली सत्तावीस-अठ्ठावीस फुटांवर लागतो. आकडा छोटा वाटेल. पण हे धरण डोंगराच्या खोबणीतलं नाही, परातीसारखं पसरट आहे. पाणी फूटभर उतरलं तरी काठ कुठल्या कुठं जातो. दसऱ्याला जिथं लाटा लागतात, तिथं शिमग्याला गाळपेऱ्यात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातल्या पिकात, टरबुजं आलेली असतात. सिमेंटची पक्की जेटी बांधलीत तर मार्चमध्ये तिच्यावर बसून टरबूज तेवढं खाता येईल. जेटी तरंगतीच हवी, पाण्याबरोबर ओढून नेता येणारी. पाणी उतरलं की जुन्या विहिरींचे कठडे आणि बाभळीची खोडं वर डोकावतात, ते वेगळंच. इथल्या भोयांना, मासेमारी करणाऱ्यांना, ती जागा तोंडपाठ आहे, चप्पूवाला (छोट्या होडीवाला) न बघता वळसा घालतो. बाहेरून आणलेल्या बोटवाल्याला ती कोण सांगणार?

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नाथसागराची लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी २७. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की त्याला अडवायला काही नाही. उथळ पाण्यात लाट आखूड आणि उभी होते, होडी तिच्यावर चढत नाही, आपटते. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दहा-अकरानंतर ओळखू येत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते लोक मजा करायला निघाले नव्हते, नेहमीच्या वाटेनं पलीकडे जात होते. एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्टी असते म्हणून नौकाविहारही तेव्हाच, हा हिशेब मला पटत नाही. त्या दोन महिन्यांत तो बंद ठेवावा.

हे मी शहाणपणानं लिहितोय असं नाही. दोन वर्षांपूर्वी साडूच्या कुटुंबाबरोबर दुसऱ्याच एका तलावावर गेलो होतो. होडी आठांची, आम्ही मुलंबाळं धरून अकरा. जॅकेटं होती, पण गाठोडं बांधून फळीखाली. मी विचारलं तर होडीवाला म्हणाला, "काही होत नाही काका, लागली की काढू." अर्ध्या तासाची फेरी. जाताना वारा पाठीशी, होडी कशी सुळसुळ गेली! परतताना तोच वारा तोंडावर. वल्हवणारा पोरगा घामाघूम, काठ जागचा हलेना. सव्वा तासानं टेकलो. आमच्या मंडळींचं रामरक्षा म्हणणं तिथंच थांबलं. मला लाज याची वाटते की जन्म पाण्याच्या काठी काढून मी चढताना "तिघं उतरा" एवढं म्हणालो नाही. साडू काय म्हणेल, असं वाटलं.

त्या दिवशी जी चूक केली तिच्या उलट करायचं. आधी वाऱ्याच्या तोंडाला जायचं, म्हणजे दमलेल्या हातांना परतताना वारा मदत करतो. वल्ह्याची होडी तासाला जेमतेम तीन किलोमीटर जाते, म्हणून अर्ध्या तासाच्या फेरीत काठापासून सहा-सातशे मीटरच्या पलीकडे जायचंच नाही. इंजिन असेल तर तेलाचे तीन वाटे करायचे, एक जायला, एक यायला आणि एक हात न लावायला. जॅकेट अंगात घालून बंद लावल्याशिवाय दोर सोडायचा नाही. पोराला पोराच्या मापाचं, मोठ्याचं गुडघ्यापर्यंत लोंबणारं नको.

मुळात नाथसागरच का, हाही प्रश्न आहे. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. होडीला चांगले ते हिवाळ्याचे महिने, आणि नेमके तेव्हाच पट्टकादंब, चक्रवाक, रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी येतात. त्यांच्यातून इंजिन घुमवण्यापेक्षा धरणाखाली गोदावरीवर आपेगाव आणि हिरडपुरीचे बंधारे आहेत, तिथं बघावं. बंधाऱ्यात पाणी अडलेलं असतं तेव्हा दोन्ही काठ दिसतात आणि वाऱ्याला पळायला जागा नसते. माउलींच्या आपेगावचं दर्शन घेऊन तासाभरात घरी येता येतं. अट एकच, वरून पाणी सुटणार असेल तर भोंग्याआधी होड्या काठाला लागलेल्या हव्यात. वीजनिर्मितीसाठी सुटणारे १५८९ क्युसेक पुराच्या मानानं काहीच नाहीत, पण वल्ह्याच्या होडीला तो हिशेब लागू नाही. आणि बंधाऱ्याच्या दारांकडे फिरकायचं नाही.

काठावर एक फळा लावावा. आजची पातळी, वारा, शेवटची फेरी किती वाजता, एका होडीत माणसं किती. पातळी तर रोज सकाळी वाचली जातेच. ती वर कळवणाराच खडूनं दोन ओळी लिहील, त्यासाठी नवीन पद भरायला नको.

– एक निवृत्त पाटबंधारे कर्मचारी, पैठण