टार्गेट घडवणाऱ्या हातांना

टार्गेट बांधणारे, आयन-स्रोत जुळवणारे आणि लेझर सांभाळणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

हे पत्र मोजणाऱ्यांकडून आहे. प्रोटॉनचा मारा झेलणारे टार्गेट तुम्ही घडवता, आणि त्यात जन्मलेल्या अल्पायुषी अणूंना आयन, म्हणजे विद्युतभारित, करून झोताच्या रूपात आमच्याकडे धाडता. कुणी पेनिंग सापळ्यात (विद्युत व चुंबकीय क्षेत्रांत आयन अडकवून) अणुकेंद्रकांचे वस्तुमान मोजतो, कुणी लेझरने त्यांची त्रिज्या काढतो, कुणी बीटा-क्षयानंतरचे गॅमा किरण टिपतो. स्थिरतेपासून दूरच्या अणुकेंद्रकांवर शोधनिबंध निघतो तेव्हा त्यातले आलेख आमचे असतात. तुमची बोळवण शेवटच्या परिच्छेदात ‘तांत्रिक गटाचे आभार’ एवढ्यावर होते. त्या एका ओळीत जे कधीच मावले नाही, ते इथे लिहितो आहोत.

सुरुवात घड्याळापासून करू. लिथियम-११ चे अर्धायुष्य आहे पावणेनऊ मिलिसेकंद. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी बर्कली येथे या केंद्रकाचा आकार अपेक्षेपेक्षा बराच मोठा असल्याचे दाखवले. १९८७ मध्ये हान्सेन आणि योन्सन यांनी त्याचा अर्थ लावला: शेवटचे दोन न्यूट्रॉन इतके सैल बांधलेले आहेत की ते गाभ्याभोवती प्रभामंडळासारखे पसरतात. त्या दोघांना सोडवायला जेमतेम ०.३७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. वर्गात हे शिकवायला फार छान वाटते. पण असे केंद्रक जाड टार्गेटच्या पोटात तयार झाले, तर ते मरायच्या आत बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न फळ्यावर सुटत नाही. तो तुमच्या भट्टीत सुटतो.

हिशेब साधा आहे. दहा मिलिसेकंद अर्धायुष्याच्या केंद्रकाला बाहेर यायला शंभर मिलिसेकंद लागले, तर दहा अर्धायुष्ये वाटेतच गेली आणि १०२४ पैकी एकच उरले. हाच वेळ पन्नासवर आणलात तर बत्तीसातले एक उरते. म्हणजे तुम्ही वेळ निम्मा केलात आणि आमच्या हाती बत्तीसपट झोत पडला. एवढी सुधारणा कुठल्याही महागड्या शोधकाने, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणाने, आम्हाला कधी मिळवून दिलेली नाही.

सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतली आयसोल्डे प्रयोगशाळा १९६७ पासून जाड टार्गेटमधून केंद्रके बाहेर काढण्याच्या याच पद्धतीवर चालते आहे. प्रोटॉन बूस्टर या त्वरकातून १.४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन जाड टार्गेटवर पडतात. एका स्पंदात साधारण ३ × १०^१३ प्रोटॉन असतात आणि सरासरी प्रवाह दोन मायक्रोअँपिअरपर्यंत जातो. टार्गेट म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर व्यासाची टँटलमची नळी. तिच्यात युरेनियम कार्बाइडच्या टिकल्या एकावर एक रचलेल्या असतात, आणि शेकडो अँपिअर प्रवाह सोडून ती २००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेली असते. यंत्राचे वर्णन इथे संपते. तुमचे काम मात्र त्या टिकल्या कशा बनतात, तिथून सुरू होते.

युरेनियम डायऑक्साइडची भुकटी ग्रॅफाइटमध्ये कालवायची, एका रेणूमागे कार्बनचे सहा अणू या प्रमाणात. दाबून टिकल्या पाडायच्या. मग निर्वातात हळूहळू तापवत न्यायचे, म्हणजे ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो आणि मागे कार्बाइड उरते. यात घाई चालत नाही. तापमान भरभर चढवले की वायू एकदम सुटतो, निर्वात कोसळतो, टिकल्या तडकतात. म्हणून दाबमापकाचा काटा वर गेला की तापमान आहे तिथेच थोपवायचे, काटा खाली आला की पुढची पायरी. हे दिवसेंदिवस चालते. कार्बन गरजेपेक्षा जास्त का घालायचा, हे नवीन विद्यार्थी हमखास विचारतात. उरलेला मोकळा कार्बन कार्बाइडच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. तो नसेल तर २००० अंशांना कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. कणातून बाहेर पडायला लागणारा वेळ त्याच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा कण दुप्पट झाला की वेळ चौपट. कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळून कण बारीकच ठेवण्याची तुमची खटपट याच वर्गासाठी असते. आणि तयार माल हवेत उघडा पडला तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून तो सदैव निष्क्रिय वायूत किंवा निर्वातात सांभाळायचा. ही सगळी जोखीम तुम्ही आधीच अंगावर घेतलेली असते, त्यामुळे आमच्या प्रयोगाच्या सुरक्षा-कागदपत्रांत ती दोन ओळींत आटोपते.

कणातून सुटलेला अणू मोकळा झाला असे आम्हाला वाटते. खरे तर तिथून त्याची भटकंती सुरू होते. नळीच्या भिंतींवर तो हजारो वेळा आपटतो, दर खेपेला क्षणभर चिकटतो. तो किती वेळ चिकटेल, हे तापमानावर घातांकी पद्धतीने ठरते. म्हणूनच ट्रान्सफर लाइनवर, म्हणजे टार्गेटपासून आयन-स्रोताकडे नेणाऱ्या नळीवर, एखादी जागा शे-दोनशे अंशांनी थंड राहिली, तर सगळे तिथेच अडते. बाकी भट्टी उत्तम तापलेली, प्रोटॉन येताहेत, आयन-स्रोत ठीक, आणि झोत मात्र नाही. दोष निघतो तो उष्णतारोधक पत्र्याचा एक वेढा सरकल्याचा. असा दोष बाहेरून दिसत नाही. प्रोटॉन पडल्यापासून किती मिलिसेकंदांनी किती आयन आले, याच्या आलेखाचे शेपूट लांबले की तुम्ही तो ओळखता. आम्ही तोपर्यंत आमच्या शोधकाच्या तारा तपासत बसलेलो असतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून दर खेपेला वाद होतो. झोत नको असेल त्या रात्री टार्गेट गार करू नका, असे तुम्ही बजावता. कार्बाइडच्या सान्निध्यात टँटलम कार्बन शोषून ठिसूळ झालेले असते. गार होताना आकुंचन, पुन्हा तापताना प्रसरण, आणि सांध्याला चीर. वाचलेली वीज आणि गमावलेले टार्गेट यांची तुलनाच होत नाही. हा वाद तुम्ही दरवेळी जिंकता, त्याबद्दलही आभार.

शुद्धतेबद्दल एकच उदाहरण देतो, कारण त्यात तुमची सगळी कारागिरी एका जागी दिसते. जस्त-८२: ३० प्रोटॉन, ५२ न्यूट्रॉन, आयुष्य सेकंदाच्या अंशात. त्याच वस्तुमानांकावर रुबिडियम-८२ बसलेले असते, आणि ते मिनिटभर टिकते. रुबिडियमचे आयनीभवन ४.२ इलेक्ट्रॉनव्होल्टवर होते, त्यामुळे गरम धातूला नुसते टेकले तरी त्याचा आयन होतो. जस्ताला ९.४ लागतात. दोघांच्या वस्तुमानातला फरक एकूण वस्तुमानाच्या दोन हजारांश भागाहूनही कमी. चुंबकाने ते कागदावर वेगळे होतात. प्रत्यक्षात नको असलेला झोत इतका प्रचंड असतो की त्याचे नुसते शेपूट हव्या त्या आयनांना बुडवून टाकते. तुमची तोड तिहेरी होती. प्रोटॉन थेट युरेनियमवर न टाकता शेजारच्या टंगस्टनच्या दांडीवर टाकायचे. तिच्यातून सुटलेले न्यूट्रॉन युरेनियमचे विखंडन करतात, आणि विखंडनात न्यूट्रॉन-दरिद्री रुबिडियम-८२ जवळजवळ जन्मतच नाही. जे काही भरकटलेल्या प्रोटॉनमुळे तरीही जन्मते, ते ट्रान्सफर लाइनमध्ये बसवलेल्या तापत्या क्वार्ट्‌झच्या नळीत अडकते, कारण क्वार्ट्‌झ अल्कली धातूंना धरून ठेवते आणि जस्ताला जाऊ देते. शेवटी २१३.९ नॅनोमीटरपासून सुरू होणाऱ्या लेझरच्या पायऱ्या फक्त जस्ताचा आयन करतात. दांडीमुळे जस्तही कमी मिळते, हे खरे. पण निम्मे आणि स्वच्छ हे दुप्पट आणि गढूळपेक्षा केव्हाही बरे. या झोतावर झालेल्या वस्तुमान-मापनातून २०१३ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्याच्या बाह्य कवचाच्या प्रतिमानातून जस्त-८२ वगळावे लागले. शीर्षकात न्यूट्रॉन तारा आला. क्वार्ट्‌झची नळी आली नाही.

वितळलेल्या शिशाबद्दल थोडक्यात. पारा हवा असेल तर शिसे उत्तम, कारण पारा त्यातून सहज उडतो. पण प्रोटॉनचा स्पंद काही मायक्रोसेकंदांत आदळला की द्रवातून धक्का-लहर जाते, शिसे उसळते आणि नळीत शिरते. म्हणून स्पंद एकगठ्ठा न सोडता बूस्टरच्या चार वलयांतून थोड्या थोड्या अंतराने आणायचा. पाऱ्याच्या हलक्या समस्थानिकांचा आकार एकाआड एक लहान-मोठा होतो, हे १९७० च्या दशकात कळले होते. हे हेलकावे कुठे थांबतात, ते २०१८ मध्ये स्पष्ट झाले. मधल्या काळात सिद्धान्त पुढे गेला, हे कुणीही सांगेल. शिशाचे टार्गेट आणि लेझर-आयन-स्रोत एकत्र नांदायला शिकले, हे सांगणारे कमी.

काही मूलद्रव्ये मात्र किती तापवले तरी बाहेर येत नाहीत. टंगस्टन, मॉलिब्डेनम, हाफ्नियम यांची वाफच होत नाही. बोरॉन वाटेत कशाशी ना कशाशी संयोग पावतो. इथे तुम्ही बारीक गळतीच्या झडपेतून फ्लोरिनयुक्त वायू सोडता आणि अणूऐवजी रेणू बाहेर काढता. बोरॉन अशा रीतीनेच, दोन फ्लोरिन अणूंचा हात धरून, झोतात आला. वायू किती सोडायचा ते मात्र चाचपडत ठरवावे लागते. कमी पडला तर रेणू बनत नाहीत, जास्त झाला तर आयन-स्रोतच गुदमरतो. रेडियम मोनोफ्लोराइडच्या किरणोत्सारी रेणूंवरची लेझर वर्णपटमिती, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तीही आधी प्रारण दिलेल्या टार्गेटवर कार्बन टेट्राफ्लोराइड सोडूनच जमली.

उड्डाण-पद्धतीच्या, म्हणजे केंद्रके उडत असतानाच वेगळी करणाऱ्या, प्रयोगशाळांतले सहकारी म्हणतील, आमच्याकडे ही कटकटच नाही. बरोबर आहे. जपानमधल्या रिकेन येथे अणुघटकामागे (दर प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे) ३४५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा जड आयन पातळ टार्गेटमधून आरपार जातो आणि तुकडे मायक्रोसेकंदाच्या आत विभाजकातून पार होतात. रसायनशास्त्राला तिथे बोलायला वेळच नसतो. तिथल्या फिरत्या, पाण्याने गार ठेवलेल्या चकत्या बनवणाऱ्यांनाही आमचा नमस्कार. कॅल्शियम-५४ ची पहिली उत्तेजित पातळी २०४३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर तिथेच सापडली, आणि त्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्याचे वस्तुमान आयसोल्डेत मोजले गेले. दोन्ही बाजूंनी मिळून ३२ आणि ३४ या न्यूट्रॉन-संख्यांचे महत्त्व, म्हणजे त्या संख्यांना केंद्रक अधिक घट्ट बांधलेले असते हे, पक्के झाले. पण शांत, मंद, एकाच ऊर्जेचा झोत सापळ्यात अलगद सोडायचा असेल तर आम्ही तुमच्याच दारात येतो.

आता ज्याचे आभार सर्वांत जास्त मानायचे ते. तुम्ही दिलेले उत्पादनाचे आकडे. प्रत्येक मायक्रोकूलॉम प्रोटॉनमागे किती आयन, हा आकडा तुम्ही चालत्या फितीवर झोत गोळा करून, बीटा मोजून काढता आणि आहे तसा सांगता. सेकंदाला ५० आयन सांगितलेत, वाहतुकीत दहा टक्के टिकले, शोधकाची कार्यक्षमता एक टक्का धरली, तर आठ तासांच्या पाळीत सुमारे १४४० नोंदी होतात. एवढ्यात अर्धायुष्य नीट निघते. आकडा दहापट फुगवलेला निघाला तर १४४ नोंदी आणि पाच दिवसांचा वाया गेलेला झोतकाळ. जुन्या टार्गेटवरचा विक्रमी आकडा सांगून आम्हाला खूश करणे सोपे होते. तुम्ही मात्र सांगता, की हे टार्गेट आठ दिवस चालले आहे, कण चिकटू लागले आहेत, पहिल्या दिवसाच्या एक-तृतीयांश धरा. कधी सरळ सांगता, हा झोत येणार नाही, प्रस्तावच मागे घ्या. त्या नकारांनी वाचवलेल्या पाळ्या कुठल्याच अहवालात दिसत नाहीत.

आणि आमची गाडी सुटल्यावरचे काम. वापरलेले टार्गेट इतके किरणोत्सारी असते की त्याला यंत्रमानवच उचलतो. ते महिनोन्‌महिने निवायला ठेवायचे, मग जाड भिंतींच्या बंद कोठडीत लांब हातांनी उघडायचे, कार्बाइड सावकाश ऑक्साइड करून निरुपद्रवी करायचे. उघडलेल्या नळीत कुठे काळे पडले, कुठली टिकली तडकली, कुठे सांधा फाटला, हे पाहून तुम्ही नोंद करता, आणि पुढच्या नळीचा वेढा दोन मिलिमीटर सरकवता. तोवर आमचा निबंध छापून आलेला असतो. यापुढे त्या नोंदीचा क्रमांक निबंधाच्या पद्धती-विभागात, टार्गेटच्या क्रमांकासह, छापायचे आम्ही ठरवले आहे. तो तेवढा आम्हाला कळवत चला.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मोजणारे सर्वजण