आमंत्रणात काही लपवू नकोस

चि. बेटा,
प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिथल्या चर्चच्या मंडळीने परदेशी विद्यार्थ्यांमधील सेवा तुझ्याकडे सोपवली आणि हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलांसाठी कोणते साहित्य घ्यावे असे तू आम्हांला विचारलेस, याचा तुझ्या आईला व मला फार आनंद झाला. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ११ लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांत सर्वांत जास्त, ३ लाख ३१ हजारांवर, आपल्या भारतातले होते, म्हणजे तुझ्यासमोर बसणाऱ्यांत आपल्याकडची मुले असणारच.

साहित्यापूर्वी एक गोष्ट लिहितो, कारण माझ्या मते सारे तिच्यावर अवलंबून आहे. जेवणानंतर बायबलचा अभ्यास होणार असेल, तर ते आमंत्रण देतानाच स्पष्ट सांगावे. आपल्या भागात ख्रिस्ती माणसावर आमिष दाखवून बाटवल्याचा ठपका येतो. तुझ्या आजोबांनी तो भर बाजारात ऐकला आणि आजही तो ऐकू येतो. परदेशात नुकत्याच उतरलेल्या मुलाला विमानतळावरून आणणारे कोणी हवे असते, गादी हवी असते, थंडीचा कोट हवा असतो. अशा गरजेत असलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, म्हणून नाही म्हणण्याची वाट आपणच त्याला मोकळी ठेवली पाहिजे. जो अभ्यासाला कधीच येणार नाही, त्यालाही कोट तितक्याच आपुलकीने मिळावा. परक्याला स्वदेशीयासारखे वागवावे ही बायबलच्या लेवीय पुस्तकातली आज्ञा कोणत्याही अटीशिवाय दिलेली आहे.

आता साहित्य. चार पानी पत्रके वाटण्यापेक्षा येशूचे चरित्र सांगणारे एक संपूर्ण शुभवर्तमान वाचकाच्या मातृभाषेत देणे मला कधीही बरे वाटते, आणि सुरुवात लूकच्या शुभवर्तमानापासून करावी. इंग्रजीत परीक्षा देणारा मुलगाही मनातले दुःख तेलुगूत किंवा मराठीतच बोलतो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले. आज यूव्हर्जन या बायबलच्या ॲपवर मराठी, तेलुगू, अरबी, फारसी अशी अनेक भाषांतरे फुकट मिळतात, हे केवढे मोठे दान आहे! तुमच्याकडे ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा अल्फा कोर्स चालतो असे तू लिहिलेस. जेवण, मग भाषण, मग मोकळी चर्चा ही त्याची पद्धत चांगली आहे, पण त्यातले बरेच प्रश्न चर्चपासून दुरावलेल्या पाश्चात्त्य माणसाचे आहेत. आपल्या मुलांचे प्रश्न वेगळे निघतील, आणि ते त्यांनाच विचारू द्यावेत. बायबलमधल्या फिलिप्पाने कूशी षंढ अधिकाऱ्याच्या रथात बसून, तो यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातले जे वाचत होता तिथूनच सुरुवात केली, हे विसरू नकोस.

नागपूर-अमरावतीकडचा बौद्ध मुलगा भेटला तर त्याला सरसकट हिंदू समजू नकोस. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. अशा घराने आपला धर्म विचार करून, बावीस प्रतिज्ञा घेऊन स्वीकारलेला असतो. ती हकीकत आधी मनापासून ऐक, आणि तुझ्या विश्वासाची साक्ष त्यानंतर सांग.

मुस्लिम मैत्रिणीला शुभवर्तमान देताना प्रत कोरी असावी. रेघा ओढलेले, समासात टिपणे केलेले पवित्र पुस्तक अनेकांना अनादराचे वाटते, आणि ते जमिनीवर किंवा चपलांच्या पिशवीजवळ तर कधीच ठेवू नये. मांस हलाल आहे का ते दुकानात विचारून घ्यावे. मार्शमेलोत बहुधा प्राण्यांपासून केलेले जिलेटिन असते, म्हणून मुस्लिम व शाकाहारी दोघांनाही ते आधी सांगावे. सर्वांत महत्त्वाचे, अभ्यासाला आलेल्या कोणाचाही फोटो त्याच्या परवानगीशिवाय फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकू नये, आणि इराण-अफगाणिस्तानकडच्या मुलांचा तर मुळीच नाही. तिथे धर्मांतराचा नुसता संशयही जिवावर बेतू शकतो आणि घरच्यांनाही त्याचा त्रास होतो.

एखादा नको म्हणाला, तरी त्याचे जेवणाचे पान मांडलेले राहू दे. आई आणि मी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत तुमच्या गटासाठी विनंती करतो. नावे कळवू नकोस, फक्त किती जण आहेत ते कळव.

आपल्या ओळखीचे एक जोडपे डिसेंबरात मुलाकडे अमेरिकेला येत आहे आणि त्यांनी सामानात थोडी जागा देऊ केली आहे. मराठीखेरीज कोणत्या भाषांतली शुभवर्तमाने हवीत आणि प्रत्येकी किती प्रती, ते दिवाळीपूर्वी लिही, म्हणजे नागपूरला जाईन तेव्हा घेऊन ठेवीन.

तुझे बाबा