फेलोशिपच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना

सातारा

आदरणीय भाऊसाहेब,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, पण पीएच.डी. करणाऱ्यांच्या मासिक शिष्यवृत्तीच्या, म्हणजे फेलोशिपच्या, टेबलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ते टेबल आवक-जावकच्या कपाटामागे, व्यासपीठावरून दिसणार तरी कसं! म्हणून सातारा-सांगलीतल्या संशोधन केंद्रांतून फेलोशिप घेऊन बाहेर पडलेल्या आम्हा सगळ्यांच्या वतीनं हे उघडं पत्र. गाईडचे आभार थीसिसच्या पहिल्याच पानावर असतात. लिपिकाचे कुणी मानत नाही, म्हणून इथे मानतो, आणि मानता मानता तुम्ही शिकवलेलं थोडं लिहून ठेवतो. नव्या पोरांना उपयोगी पडेल.

पहिला धडा बँकेचा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, पहिली दोन वर्षं) महिना ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर, त्यापुढची) ४२,००० रुपये. आकडा ऐकून घरचे पेढे वाटत असतात आणि तुम्ही विचारता, "खातं आधारला लिंक आहे की सीड?" समोरच्याला दोन्ही एकच वाटतं. लिंक म्हणजे बँकेनं खात्याला आधार क्रमांक जोडलेला असतो. सीड म्हणजे देशभरच्या पेमेंटच्या नकाशात त्या आधारपुढे ती बँक नोंदलेली असते, आणि आधारवर येणारा पैसा शेवटच्या सीड झालेल्या बँकेतच जातो. सिमकार्ड घेताना कुणी सहज एक खातं उघडून दिलेलं असतं, अंगठा लावलेला असतो, सीडिंग तिकडे सरकतं. फेलो चार महिने दिल्लीला ईमेल करत बसतो आणि पैसा त्याच्याच नावावर, विसरलेल्या खात्यात पडून असतो. रुजू अहवाल घेण्याआधी तुम्ही आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडायला लावायचात आणि त्याची प्रिंट फाईलला टाचायचात. दोन मिनिटांचं काम.

नावाचंही तसंच. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, नेटच्या, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, प्रमाणपत्रावर अर्ज भरताना जसं टाइप केलं तसं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या फायलीत तर चार कागदांवर चार नावं. तुमचा नियम साधा होता: फेलोशिपचं अवॉर्ड लेटर, पीएच.डी. नोंदणीचं पत्र आणि बँकेचं पासबुक, या तिन्हींवर एकच स्पेलिंग. बाकीचं नंतर बघू. आणि राजपत्रात नाव बदलायचं असेल तर ते रुजू होण्याआधी किंवा थेट पदवी हातात आल्यावर, मधे नाही.

फेलोशिपबरोबरच्या घरभाडे भत्त्याबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालायला सगळे हजर. केंद्र सरकारच्या शहरांच्या वर्गवारीत सांगली 'वाय'मध्ये आणि सातारा 'झेड'मध्ये, आणि वायचा दर झेडच्या दुप्पट. म्हणजे मिरजेहून सांगलीच्या केंद्रात जाणाऱ्याला जास्त, आणि पोवई नाक्याजवळ भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला कमी. "सातारकरांनी काय घोडं मारलंय?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं, पण भाडेपावती आणि वसतिगृह न मिळाल्याचा दाखला मात्र न मागता तयार असायचा.

दर महिन्याचं कन्फर्मेशन हे या टेबलाचं खरं दुखणं. फेलो हजर आहे, काम करतोय, हे केंद्रातला 'मेकर' पोर्टलवर भरतो आणि 'चेकर' मंजूर करतो. हे दोघं वेगवेगळे लागतात. चेकर बदलून गेला, रजेवर गेला किंवा त्याचा लॉगिन बंद पडला की एका फेलोची नव्हे, अख्ख्या केंद्राची रक्कम अडकते. फेलोंना वाटतं वरून ग्रँट आली नाही. तुम्ही आधी आपलंच घर तपासायचात: कुणाचं कन्फर्मेशन मेकरकडे पडलंय, कुणाचं चेकरकडे. प्राचार्यांच्या बदलीची कुणकुण लागली की नव्या चेकरचं पत्र तुमच्या खणात टाइप होऊन पडलेलं असायचं. हे कौशल्य कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

आता तारखांच्या वहीकडे येऊ, कारण पुढचं सगळं आयुष्य तिथून ठरतं.

जेआरएफची दोन वर्षं संपली की एसआरएफसाठी मूल्यमापन होतं. गाईड, विभागप्रमुख आणि बाहेरचा एक तज्ज्ञ बसतात. तो दिवस तुम्ही रुजू तारखेलाच वहीत लिहायचात आणि त्याच्या तीन महिने आधी लाल शाईनं आणखी एक रेघ. बाहेरचा तज्ज्ञ ठरवायला, त्याची तारीख मिळवायला, अहवालावर सह्या घ्यायला तीन महिने सहज जातात. उशीर झाला तर फेलो जुन्याच दरावर राहतो आणि फरकाच्या रकमेसाठी नवी फाईल फिरवावी लागते.

वनस्पतिशास्त्राच्या मुलांना तुम्ही सांगायचात ते तर विभागातल्या प्राध्यापकांच्याही लक्षात आलं नव्हतं. कास पठारावरचा फुलांचा हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. जुलैत रुजू झालेल्याचा पहिला हंगाम कोर्सवर्क (पीएच.डी.च्या सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) खातो, आणि दोन वर्षांनी जुलैत तो समितीपुढे उभा राहतो तेव्हा हातात एकाच हंगामाच्या नोंदी. नोव्हेंबरात रुजू झालेल्याचं कोर्सवर्क उन्हाळ्याआधी उरकतं आणि समितीपुढे दोन हंगाम असतात. फेलोशिप तीच, पैसे तेच, चार महिन्यांच्या फरकानं माणूस बळकट किंवा लंगडा दिसतो. (टोपली कारवीवर काम करायचंय म्हणणाऱ्याला तुम्ही विचारलं होतंत, "ती सात वर्षांनी फुलते, तुझी फेलोशिप पाचच वर्षांची, मधली दोन वर्षं कोण पोसणार?" विषय तिथल्या तिथे बदलला.)

दुसरी तारीख सीएचबीची, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवण्याची. जून-जुलैत त्याच्या जाहिराती निघतात आणि गावाजवळच्या महाविद्यालयात तास मिळतायत म्हणून फेलो खूश होतो. पण फेलोशिप चालू असताना दुसरीकडून मानधन घेता येत नाही. दोन्हींत पंधरा दिवसांचा जरी ओव्हरलॅप निघाला तरी वसुली लागते, आणि ती लागते नेमकी थीसिस सादर करताना, ना-हरकत दाखल्यासाठी फाईल उघडते तेव्हा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप घेणाऱ्यांचंही तेच: मधे जेआरएफ लागली तर आधी जुनीचा राजीनामा, त्यावर तारीख, पोच, मगच नवीचं जॉइनिंग. "दोन ताटांत जेवायचं नाही" एवढंच तुम्ही म्हणायचात आणि कोरा राजीनामा पुढे सरकवायचात.

या जागी पोरं चिडतात, कारण अनुभवाचे गुण बुडतात असं त्यांना वाटतं. म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीतले छाननीचे तक्ते तुम्ही काचेखाली ठेवले होते. सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत विद्यापीठासाठी पीएच.डी.ला ३० गुण आणि जेआरएफसह नेटला ७, महाविद्यालयासाठी पीएच.डी.ला २५ आणि जेआरएफला १०. अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. पूर्णवेळ पीएच.डी.ची वर्षं अनुभवात धरतच नाहीत. नोकरी करता करता, रजा न घेता केली तर ती सेवा धरतात. म्हणजे पाच वर्षं फेलोशिप घेतलेल्याच्या अनुभवाच्या रकान्यात शून्य. हे ऐकून चेहरे पडायचे. मग तुम्ही हिशेब मांडायचात: चोरून केलेल्या सीएचबीच्या एका वर्षाचे दोन गुण, तेही नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता असेल तर, आणि वर्षभर आधी थीसिस सादर करून पोस्टडॉकला गेलास तर तेच दोन गुण राजरोस, शिवाय पीएच.डी.चे २५ किंवा ३० वर्षभर आधी खिशात. २०२३च्या जुलैपासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट किंवा सेट पुरे, हे खरं. पण तक्ता समोर ठेवला की पीएच.डी. अर्धवट सोडून मुलाखतींना धावणाऱ्याला आपण काय सोडतोय ते आकड्यांत दिसतं. अर्थात हे गुण मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात, आत नाही, हेही तुम्हीच सांगायचात, थोडं खवचटपणे.

तिसरी तारीख थीसिस सादर करण्याची, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात. २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणी करून आणखी २. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. फेलोशिप मात्र पाच वर्षं किंवा थीसिस सादर होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. त्यामुळे पाचवं वर्ष पूर्ण वापरून मगच सादर करायचं, असा एक हुशार सल्ला सीनियर मंडळी देतात. त्यात खोट अशी की सादर केल्यापासून व्हायवापर्यंत (तोंडी परीक्षेपर्यंत) सहा महिन्यांत आटपावं असं नियम म्हणतो, परीक्षकांचं टपाल तसं म्हणत नाही. तेवढे महिने बिनपगारी जातात. आणि वय थांबत नाही. पंचविशीत रुजू झालेल्यानं आठ वर्षं लावली तर तो तेहतिशीत बाहेर पडतो. खुल्या गटासाठी इन्स्पायर फॅकल्टी या तरुण संशोधकांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं दार ३२ला बंद झालेलं असतं, आणि राष्ट्रीय पोस्टडॉक्टोरल फेलोशिपला, म्हणजे पूर्वी एसईआरबी आणि आता एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेची, ३५ची मर्यादा, म्हणजे हातात दोनच वर्षं. तुमच्या वहीत जन्मतारखेचा रकाना का होता, हे पहिल्या वर्षी कुणालाच कळायचं नाही. या पोस्टडॉकला थीसिस सादर झालेला पण पदवी न मिळालेला उमेदवारही अर्ज करू शकतो, हे ठाऊक असलं की ते कोरडे महिने टळतात. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र (प्रोव्हिजनल) येईपर्यंत लागणारा सादर केल्याचा दाखला विद्यापीठातून कुठल्या खिडकीवर मिळतो, तेही तुम्ही चिठ्ठीवर लिहून द्यायचात.

आणि त्या वहीचा शेवटचा रकाना. कुठल्याही विहित नमुन्यात नसलेला, पट्टीनं आखलेला, वर पेन्सिलनं "सध्या कुठे". प्रत्येक फेलोपुढे गाव, संस्था, फोन. बदललं की खोडून नवं. फेलोंचं जाळं वगैरे शब्द मोठ्या संस्थांच्या पत्रकांत असतात. आपल्याकडे ते जाळं म्हणजे हा रकाना. रसायनशास्त्राची मुलगी द्राक्षांतले कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मुलाखतीला निघाली की तुम्ही तासगाव पट्ट्यातल्याच एखाद्या जुन्या फेलोचा नंबर द्यायचात. तो सांगायचा, तिथे थीसिसमधला एकदा छान आलेला ग्राफ कामाचा नाही. द्राक्षाच्या रसात माहीत असलेलं औषध टाकून ते ७० ते १२० टक्क्यांत परत मिळतं का, पाच वेळा केलं तर फरक २० टक्क्यांच्या आत राहतो का, हे विचारतील. मुलगी आठवडाभर तेच वाचून जायची. निर्यातीचा कंटेनर त्या आकड्यांवर अडतो किंवा सुटतो, तिच्या पीएच.डी.च्या विषयात तिथे कुणाला रस नसतो.

परदेशात जाणाऱ्यांसाठी रकान्यातली माणसं आणखी उपयोगी. युरोपच्या मेरी क्युरी पोस्टडॉकला मागच्या ३६ महिन्यांत त्याच देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीत वर्षभराहून जास्त काढून पुन्हा जर्मनीसाठीच अर्ज केला की तो वाचायच्या आधीच बाद. जर्मनीच्याच हुम्बोल्ट पोस्टडॉकला पीएच.डी. होऊन चार वर्षांच्या आत अर्ज. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर अमेरिकेला गेलेल्याला परतून दोन वर्षं भारतात राहिल्याशिवाय तिथला एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाही. आपल्याकडे कित्येक जण ही अट परत यायचं तिकीट काढताना वाचतात. कोल्हापूरच्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) बंद लिफाफ्यात, आधी राज्याचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (परदेशात चालणारं प्रमाणन), हा क्रम उलटा झाला की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही साताऱ्याच्या पुढे फारसं न जाता हे सगळं सांगायचात, कारण गेलेल्या प्रत्येकाला परत आल्यावर खुर्चीत बसवून विचारलेलं असायचं.

सोडून गेलेल्यांची नावंही तुम्ही कधी खोडली नाहीत, हे वेगळं नोंदवायला हवं. कुणी स्पर्धा परीक्षेतून निघालं, कुणी कारखान्यात, कुणी घरची हळद बघायला सांगलीला परतलं. नेट आणि जेआरएफचं प्रमाणपत्र पीएच.डी. सोडली तरी जात नाही, पण फेलोशिपचा राजीनामा तारखेनिशी नसेल तर पुढच्या नोकरीत पडताळणीला त्रास होतो. म्हणून तुम्ही अशांना शोधून, फोन करून, राजीनाम्यावर सही घेतलीत. त्यातल्या दोघांनी पुढे नव्या पोरांना उमेदवारीची कामं दिली आहेत, तेही त्याच रकान्यातून नंबर घेऊन.

तुमच्या जागी आलेल्या मॅडमना वही दाखवली आहे. दुसऱ्या खणात आहे, किल्ली त्यांच्याकडे. जन्मतारखेचा रकाना त्यांना पटला. "सध्या कुठे" कशाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हे पत्र त्यांनाही वाचायला दिलं. शिवाय या वर्षी रुजू झालेल्या तिघांच्या एसआरएफ मूल्यमापनाच्या तारखा लाल शाईत मारायच्या राहिल्या आहेत. तेवढं येऊन दाखवून गेलात तर बरं होईल. चहा आमच्याकडे.

आपले,
वहीतले सगळे