नळाच्या खोक्यावर दाबही छापा

महोदय,

पाणी वाचवणाऱ्या घरगुती प्लंबिंगसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये आयएस १७६५० हे मानक दोन भागांत काढले. पहिला भाग शौचपात्रासारख्या सॅनिटरी वेअरचा, दुसरा नळ-शॉवरसारख्या फिटिंगचा. हे व्हायलाच हवे होते. मात्र ‘मिनिटाला इतके लिटर’ एवढ्या आकड्यावर ग्राहकाचे भागत नाही. तो प्रवाह किती दाबाला मोजला, हेही खोक्यावर ठळक छापले पाहिजे.

आपल्या बहुतेक सोसायट्यांत पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरते. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार (दाबाचे एकक) दाब मिळतो. तळमजला अधिक सहा अशा इमारतीत सर्वांत वरच्या घरातल्या नळाला जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बार मिळतो. तळमजल्याला एकवीस मीटर, म्हणजे दोन बारच्या आसपास. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढत असल्याने तोच नळ खाली अडीचपटीहून जास्त पाणी सोडतो. अमेरिकेतली शॉवरची मर्यादा मिनिटाला साडेनऊ लिटर आहे, पण ती मोजतात साडेपाच बारला! तेवढ्या दाबासाठी बनवलेला शॉवर आपल्या वरच्या मजल्यावर नुसता ठिबकतो. मग आतली प्रवाह रोखणारी चकती काढून टाकली जाते किंवा प्रेशर पंप बसतो, आणि बचत तिथेच संपते.

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला बसणारी, धारेत हवा मिसळणारी जाळी. प्रेशर-कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब बदलला तरी प्रवाह जवळपास सारखा ठेवणाऱ्या एरेटरमधली रबरी रिंग दाब वाढला की दबून पाण्याची वाट अरुंद करते. तिला काम करायला साधारण एक बार लागतो. म्हणून वरच्या उदाहरणात असे एरेटर तिसऱ्या मजल्यापासून खाली बसवावेत. वर साधी जाळी पुरे. बेसिनच्या नळाखाली लिटरची बाटली धरून पाहा. दहा सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला सहा लिटर. हात धुवायला वीस सेकंदांचा वेगही पुरतो. बादली भरायच्या नळाला मात्र एरेटर लावू नये. बादलीत पाणी तेवढेच मावते, फक्त वेळ जास्त लागतो.

बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याने एरेटरच्या जाळीवर क्षार बसतात आणि धार वाकडी पडते. नळाच्या तोंडाला फडके गुंडाळून पान्याने एरेटर सोडवावा, भागांचा क्रम लक्षात ठेवावा, जाळी लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासावी. रबरी रिंग कडक झाली असेल तर बदलावी. एरेटर फेकून देण्याची गरज बहुधा नसते.

फ्लशमध्ये गफलत वेगळी होते. दहा लिटरसाठी घडवलेल्या जुन्या पात्रावर सहा-तीनची (पूर्ण फ्लशला सहा, अर्ध्याला तीन लिटर सोडणारी) टाकी बसवली, किंवा जुन्या टाकीत पाण्याची बाटली ठेवली, तर मैला पुरता निघत नाही. माणूस दोनदा फ्लश करतो आणि बारा लिटर जातात. अमेरिकेत १९९४ पासून सहा लिटरची सक्ती झाली तेव्हा नेमकी हीच ओरड झाली होती. पुढे २००३ मध्ये तिथे आणि कॅनडात सोयाबीनच्या लगद्याचे गोळे टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जाते, याची मॅप चाचणी सुरू झाली. तिचे निकाल पाहून लोक पात्र निवडू लागले. आपल्याकडेही पात्र आणि टाकी जोडीने तपासून ग्रॅमचा आकडा ग्राहकाला मिळावा.

टाकीच्या तळाचा वॉशर झिजला तर पाणी आवाज न करता पात्रात झिरपत राहते. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. पात्रात रंग उतरला तर वॉशर बदलावा.

नळ आणि शॉवरवर ०.३, १ आणि ३ बार या तिन्ही दाबांचा प्रवाह छापणे सक्तीचे करावे, आणि महापालिकांनी नव्या इमारतींच्या प्लंबिंग आराखड्यात मजलानिहाय दाबाचा तक्ता मागावा, ही मागणी या पत्रातून करत आहे.

– एक प्लंबिंग सल्लागार, पुणे