कार्डे वाटली जातात, ओळख होत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यात औद्योगिक आणि कृषी प्रदर्शने, उद्योजक मेळावे व व्यापारी संघटनांच्या बैठका आता वारंवार होऊ लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र अशा ठिकाणी व्हिजिटिंग कार्डांची जी देवघेव चालते, तिच्यातून धंद्याचे संबंध फारसे जुळत नाहीत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. कुपवाड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा माझा लहानसा व्यवसाय आहे आणि त्या निमित्ताने कार्ड देणारा व घेणारा अशा दोन्ही नात्यांनी मी हे पाहत आलो आहे. भाषणे संपून चहा सुरू झाला, की समोरच्याचे नाव किंवा काम न विचारताच हातात कार्ड ठेवायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे, अशी पद्धतच पडली आहे. काही स्टॉलवर तर सोडतीच्या नावाखाली काचेचे भांडे ठेवून कार्डे गोळा केली जातात, आणि त्यानंतर ग्राहकाऐवजी कर्ज व विमा विकणाऱ्यांचेच फोन येऊ लागतात.

आपल्या जिल्ह्यातील व्यापार कार्डांवर उभा राहिलेला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, गूळ किंवा बेदाण्याचा सौदा होतो, तेव्हा शेतकरी आणि परप्रांतीय खरेदीदार एकमेकांना ओळखत नसले तरी मध्ये अडत्या असतो, आणि पैशाची हमी त्याच्या शब्दावर असते. कारखानदाराला, शीतगृहातून परस्पर बेदाणा विकणाऱ्या बागायतदाराला किंवा मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराला असा मध्यस्थ प्रत्येक वेळी मिळत नाही. त्यामुळे अडत्याच्या शब्दाचे थोडेफार काम आता त्या कार्डालाच करावे लागते. हे ध्यानात घेतले, तर कार्डावर काय असावे याचा विचार आपोआप बदलतो.

‘मॅनेजिंग डायरेक्टर’ या पदापेक्षा आपण नेमके काय बनवतो वा विकतो, ते एका ओळीत लिहिलेले अधिक उपयोगी पडते. ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ या वाक्यावरून कोणी चौकशीला येत नाही. कोणत्या धातूचे, कोणत्या मापापर्यंतचे काम होते, हे लिहिले तर येतो. घाऊक व्यवहार करणाऱ्यांनी जीएसटी क्रमांक अवश्य छापावा. हा १५ अंकाक्षरी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला, की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणालाही पाहता येते. अर्थात त्यातली तिसरी ते बारावी अक्षरे म्हणजे आपला पॅन क्रमांकच असतो, हे एकल मालकीच्या व्यावसायिकांनी लक्षात ठेवून कार्ड कोणाला द्यायचे ते ठरवावे. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला, तसेच मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु त्याचा उल्लेख कार्डावर करताना आपण स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे का, हे पाहिले पाहिजे, कारण १९९९ च्या कायद्याने हा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यालाच दिला आहे.

काळ्या कागदावर सोनेरी, बारीक इंग्रजी अक्षरे छापण्याची हौस मला तरी कळलेली नाही. माल घेऊन येणारा ट्रकचालक आणि दुकानात बसणारे वयस्कर व्यापारी यांना वाचता येईल असा पत्ता एका बाजूला मराठीत आणि परप्रांतांतील खरेदीदारांसाठी दुसऱ्या बाजूला इंग्रजीत असावा. क्यूआर कोड द्यायचाच असेल, तर नाव व क्रमांक थेट फोनमध्ये साठवला जाईल असा द्यावा. काही कार्डांवरचा कोड स्कॅन केला, की ओळख होण्याआधी पैसे भरण्याचे पान उघडते! दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन असले, की त्यावर पेनाने काही लिहिता येत नाही. वास्तविक कार्डाच्या पाठीवर भेटीची तारीख, ठिकाण आणि झालेले बोलणे लिहून ठेवले नाही, तर महिन्याभराने ते कार्ड कोणाचे, हेच आठवत नाही.

महिला बचत गटांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष खटकते. पापड, मसाले, चटण्या स्वतः तयार करून विकणाऱ्या भगिनींच्या कार्डावर अनेकदा पतीचा किंवा मुलाचा मोबाइल क्रमांक असतो. चौकशीचा फोन ज्याला दर, वजन, टिकण्याची मुदत यांपैकी काहीच ठाऊक नाही अशा व्यक्तीकडे जातो आणि मागणी तिथेच संपते. गटांना मार्गदर्शन करणाऱ्या संस्थांनी आणि अधिकाऱ्यांनी गटाचा स्वतंत्र क्रमांक घेण्याचा आग्रह धरावा.

कार्ड घेणाऱ्याचीही जबाबदारी आहेच. आठवड्याच्या आत दोन ओळींचा संदेश पाठवून, ‘अमुक कामाविषयी आपले बोलणे झाले होते, त्याचे ड्रॉइंग पाठवावे’ असे कळवले, तर पुढचे बोलणे सुरू होते. बहुतेकांचा पहिला संदेश मात्र थेट दिवाळीच्या शुभेच्छांचा येतो, आणि तोही शेकडो जणांना एकाच वेळी पाठवलेला.

प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थांना व व्यापारी संघटनांना माझी विनंती आहे, की पाहुण्यांच्या सत्काराचा वेळ थोडा कमी करून निदान अर्धा तास परस्पर परिचयासाठी राखून ठेवावा. त्यात प्रत्येकाने आपण काय पुरवतो आणि आपल्याला काय हवे आहे, एवढेच सांगावे. कार्डांची देवघेव त्यानंतर व्हावी. सहभागी व्यावसायिकांची कामानुसार यादी आधीच छापून दिली, तर कोणाला भेटायचे हे ठरवून येता येईल. स्टॉलसाठी आकारल्या जाणाऱ्या शुल्कात एवढी सोय करणे आयोजकांना जड जाऊ नये.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक, कुपवाड (जि. सांगली)