यंत्राशेजारच्या माणसाचे काम कोण आखणार?

संपादक महोदय,

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांपाठोपाठ त्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजकही वेल्डिंगचे रोबो आणि सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांत जॉब, म्हणजे घडवायचा भाग, भरणारे यांत्रिक हात घेऊ लागले आहेत. त्यामुळे किती रोजगार जाणार याची चर्चा भरपूर होते. जे कामगार त्या यंत्राशेजारी राहतात, त्यांच्या कामाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

यंत्र घेताना त्याचा सायकल टाइम (एक भाग तयार व्हायला लागणारा वेळ) काटेकोरपणे तपासला जातो आणि त्याला जे जमत नाही, म्हणजे फिक्श्चरमध्ये (भाग पकडून ठेवणाऱ्या साधनात) नीट न बसणारा भाग बसवणे, अडकलेला जॉब सोडवणे, बर (कडेला राहिलेली धातूची कुसे) काढणे, ते सारे कामगाराच्या वाट्याला येते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवले आहे की, स्वयंचलनामुळे माणसाचा हात कामातून सुटत जातो आणि बिघाडाच्या वेळी मात्र त्याच माणसाकडून नेहमीपेक्षा अधिक कौशल्याची अपेक्षा केली जाते. ज्या कंत्राटी कामगाराला 'सायकल स्टार्ट' आणि 'रिसेट' यापलीकडे काही शिकवलेलेच नाही, त्याने रात्रपाळीत सेटर (यंत्राची जुळणी करणारा कुशल कामगार) नसताना अलार्म वाजला तर काय करावे?

सुरक्षेचेही तेच. यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण हवे, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमानेच सांगितले होते. तरीही दाराचा इंटरलॉक (दार उघडताच यंत्र थांबवणारी सुरक्षा-कळ) बायपास करून, म्हणजे निकामी करून, आत हात घातला जातो. याला बेफिकिरी म्हणणे सोपे आहे. दार उघडून यंत्र पुन्हा सुरू करण्यात जाणारा वेळ कामगाराच्या टार्गेटमधून वजा होत असेल, तर तो बायपास व्यवस्थापनानेच करायला लावला असे मी म्हणेन. टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच दोरी ओढून किंवा बटण दाबून लाइन थांबवण्याची मुभा साध्या कामगारालाही असते. आपल्याकडे लाइन थांबवणाऱ्याला आधी जाब विचारला जातो.

निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी सातपूर आयटीआयच्या मदतीने एक सामायिक प्रशिक्षण सेल उभारावा आणि त्यात कंत्राटी कामगारांनाही प्रवेश द्यावा. उद्योजकांनी यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी, आराखडा कागदावर असतानाच, ते चालवणाऱ्या ऑपरेटरला बोलवावे. भाग कुठे अडकेल हे विक्रेत्याच्या अभियंत्यापेक्षा त्याला आधी कळते, आणि त्या टप्प्यावर फिक्श्चर बदलायला फारसा खर्चही येत नाही.

आपला,
एक निवृत्त उत्पादन पर्यवेक्षक, नाशिक